बोंबील हाकेला ओ देतो

पहाटे पावणेचारला लवेश नाखवाचा फोन:
"मॅडम, बोंबील छापत नाही."

ससून डॉकच्या सोसायटीत मशिनींना माशांची नावं.
हिशेबाची सुरमई, खिडकीतली मांदेली,
आणि बर्फाच्या, डिझेलच्या पावत्या काढणारा,
फळीवर एकटा बसलेला
बोंबील.
नावं मोरेश्वर तांडेलने ठेवली.
जुन्या डब्यांत लिनक्स घातलं तेही त्यानेच,
मी फक्त वारसदार.

पोचले तेव्हा लिलाव पेटलेला,
गमबुटांचं पाणी उंबऱ्यापर्यंत.
खिडकीशी गुणाबाई, पाटी कमरेला:
"चार लाद्यांचा कागूद दे गो,
मंग कर तुझा काय ता."
कागद नाही तर बर्फ नाही.

मांदेलीवरून हाक मारली. पिंग, बोंबील.
ओ आली. लगेच. एक मिलिसेकंदही नाही.
लवेश म्हणाला, बघा, जिवंत आहे.
म्हटलं, ओ आली हे खरं.
कोणाची, ते बघू.

फळीवरच्यालाच कीबोर्ड लावून विचारलं,
तुझा नंबर काय रे?
म्हणाला, बत्तीस.

मग मांदेलीवर येऊन डिगला विचारलं, बोंबील कुठे राहतो?
तो सरळ राउटरकडे गेला, घेऊन आला: बत्तीस.
गेटेन्टला विचारलं.
चौदा.
एकच प्रश्न, एकच मशीन, दोन उत्तरं.
अशा वेळी खोटं कोण बोलतंय ते शोधू नये,
कोण आधी कोणाला विचारतं ते शोधावं.

क्रम लिहिलेला होताच, एनएसस्विचमध्ये:
आधी फाइल, मग डीएनएस.
म्हणजे आधी स्वतःचा खिसा चाचपायचा,
चिठ्ठी सापडली तर जगाला विचारायचंच नाही.

होस्ट्स उघडली. सात ओळी. पाचवी:
चौदा, बोंबील.
शेजारी हॅश मारून
"तात्पुरतं. सोमवारी काढणे. मो. तां."
फाइलची तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

नऊ वर्षं ते तात्पुरतं बरोबर होतं,
कारण जुना राउटर बोंबलाला चौदाच देत राहिला.
मंगळवारी नवा आला, त्याने वाटण्या नव्याने केल्या.
चौदावर आता जेट्टीकडे तोंड करून बसलेला कॅमेरा.
हाक आली, त्याने ओ दिली.
कोण समजून बोलावतायत, त्याला काय ठाऊक?
पावत्या त्याच्या दारावर जाऊन
हात हलवत परत.

"तांडेलकाका?"
लवेश कीबोर्डवरचा खवला नखाने काढत राहिला.
"दोन पावसाळे झाले. नंबर आहे अजून माझ्याकडे.
काल हे बंद पडलं तेव्हा सवयीने लागला.
नालासोपाऱ्याची कोण बाई. चांगलं बोलली.
म्हणाली, या नंबरावर पुष्कळ जण विचारतात,
आमचं नेट कधी सुरू होणार."

ओळ खोडता आली असती.
मी तिच्या कपाळावर एक हॅश ठेवला:
मशीन वाचणार नाही, माणूस वाचेल.
राउटरला सांगितलं, बत्तीस बोंबलाचा, कायमचा.
सुरमईतही तीच चिठ्ठी निघाली,
पण लिलाव चालू, तिला कोणी हात लावू देईना.
वहीत लिहून घेतलं,
सोमवारी.

पुन्हा हाक. बत्तीसातून ओ.
फळीवर खरखर,
तुंबलेल्या अडतीस पावत्या एका दमात,
गुणाबाईची सत्ताविसावी.
तिने ती ओल्या हातानेच फाडली, कमरेला खोचली.
"नाव बदला त्याचा," पाटी उचलत म्हणाली,
"बोंबील कवा ताठ उभा रायलाय?"